लिफ्ट उचलते, पण धरत नाही: जुन्या ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकचं दुखणं शोधताना

आमच्या ट्रॅक्टरच्या लिफ्टने उचलायला कधी कुरकुर केली नाही. दोन फाळी पलटी नांगर लावा नाहीतर नऊ फणी पंजी (कल्टिव्हेटर), लिव्हर ओढली की लिफ्टचे हात सरसर वर. दुखणं त्यानंतर सुरू व्हायचं. इंजिन बंद करून धुऱ्यावर चहाला बसलं की चहा संपेपर्यंत पंजीचे फण जमिनीला टेकलेले असायचे. इंजिन चालू असलं तर वेगळीच तऱ्हा. वर धरलेलं अवजार दर काही सेकंदांनी दोन-चार बोटं खाली यायचं आणि हिसका बसून परत वर जायचं, भजनात डुलकी लागलेल्या म्हाताऱ्याच्या मानेसारखं. मृगाच्या पेरणीत वळताना पेरणी यंत्राचा कडेचा फण असाच खाली आला आणि नुकतीच पेरलेली तीन तासं (ओळी) उकरून गेला. अण्णा बांधावरूनच ओरडले, "लिफ्ट बसायलीय ती! यंदा तरी नीट दाखव कुणाला."

दाखवली तर होतीच, एकदा सोडून दोनदा. पहिल्यांदा तालुक्याच्या एका गॅरेजात पंप बदलून घेतला. लिफ्ट आधीपेक्षा झपाट्याने वर जायला लागली आणि तितक्याच निवांतपणे खाली येत राहिली. दुसऱ्यांदा कुणीतरी म्हणालं, तेल जुनं झालंय. सगळं तेल काढून दुकानदाराने दिलेलं नवं, पातळ तेल भरलं. त्यानंतर ती दुप्पट वेगाने बसायला लागली. पंपाला जे पैसे गेले त्यात ओरिंगांचं, म्हणजे तेल अडवणाऱ्या गोल रबरी रिंगांचं, पोतं आलं असतं, आणि लागणार होता एकच.

शेवटी औशाकडचे एक म्हातारे मिस्त्री भेटले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी पंपाची पावती पुढे केली. त्यांनी ती न बघताच परत दिली. "पंप उचलतो रे बेटा. उचलल्यावर धरून कोण ठेवतंय, ते सांग आधी."

मला सांगता आलं नाही. म्हणून आता हे लिहितोय. ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा, हे मुद्दाम लिहीत नाही. बत्तीस वर्षं काळ्या रानात राबलेल्या कुठल्याही ट्रॅक्टरला हे होतं.

धरून कोण ठेवतं

सीटखाली जे जड बिडाचं झाकण असतं, त्याच्या पोटात एक सिलिंडर आणि त्यात एक पिस्टन असतो. पंपाचं तेल पिस्टनला ढकलतं, पिस्टनची दांडी आडव्या शाफ्टला फिरवते आणि त्या शाफ्टला बाहेरून जोडलेले लिफ्टचे हात वर जातात. हॅरी फर्ग्युसनची तीन बिंदूंची जोडणी १९३९ मध्ये फोर्ड ९एन ट्रॅक्टरवर आली, तेव्हापासून मूळ कल्पना हीच आहे. वर न्यायचं तेलाने, खाली यायचं अवजाराच्या वजनाने. लिफ्टला खाली ढकलणारं तेल या सिलिंडरात नसतंच. म्हणजे लिफ्ट आपोआप खाली येते तेव्हा तिला कुणी खाली ओढत नसतं, सिलिंडरात कोंडलेलं तेल कुठूनतरी निसटत असतं.

आता हे तेल किती, ते बघा. सिलिंडरचा व्यास ९० मिलिमीटर आणि पिस्टनची चाल ११० मिलिमीटर धरली, तर आत मावतं साधारण ७०० सीसी. पाण्याच्या एका बाटलीपेक्षा कमी तेलावर काही क्विंटलांचा नांगर लोंबकळत असतो. आमची लिफ्ट पूर्ण वरून पूर्ण खाली यायला सात मिनिटं घ्यायची. म्हणजे मिनिटाला १०० सीसी, एका कटिंग चहाएवढं. सेकंदाला दीड-दोन सीसी. हा हिशोब चाचांनी नाही केला, मी नंतर घरी बसून केला; पण त्याने एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. आत बघाल तेव्हा कारंजं शोधू नका. धार नसेल, ओघळ असेल. आणि लिफ्ट रात्रभरात वीतभर उतरत असेल, तर ओघळही दिसणार नाही, नुसते थेंब.

पंप बाहेर, इंजिनच्या बाजूला असला, तर इंजिन बंद केल्यावर त्याचा आणि लिफ्टचा संबंध संपतो. मधे वॉल्व्ह असतो, तो तेलाला माघारी जाऊ देत नाही. मग माझ्या नव्या पंपाने काय फरक पडणार होता? लिफ्ट हळू उचलत असेल, ओझ्याला अडत असेल, पंप रडल्यासारखा आवाज काढत असेल, तर पंप, तेलाची जाळी किंवा जादा दाब सोडणारा रिलीफ वॉल्व्ह बघायचा. झपकन उचलून नंतर बसत असेल, तर पंपाला हात लावायचा नाही.

मॅसी फर्ग्युसन १०३५ च्या घराण्यातल्या ट्रॅक्टरची रचना जरा निराळी. तिथे पंप मागच्या पेटीत तेलातच बुडालेला असतो आणि पीटीओच्या, म्हणजे मागचं अवजार फिरवणाऱ्या, शाफ्टवर फिरतो. पीटीओ बंद असला की पंपही बंद. त्यामुळे तिथे बऱ्याच जणांना वाटतं की पीटीओ काढला म्हणून लिफ्ट उतरते. क्लच दाबल्यावर ज्यांचा पंप थांबतो त्या ट्रॅक्टरवाल्यांची समजूतही अशीच असते, "क्लच दाबला की पंजी खाली येती." गळती आधीपासून असते. पंप चालू असेपर्यंत तो गेलेलं तेल भरून काढतो, म्हणून ती झाकलेली राहते, एवढंच.

पाना हातात घेण्याआधी

चाचांनी पहिल्या दिवशी एकही बोल्ट सोडला नाही. मला त्याचा रागच आला होता, कारण मी अठरा किलोमीटर ट्रॅक्टर हाकत आणला होता.

आधी त्यांनी लिव्हरशेजारच्या पट्टीवर खडूने रेघ मारली. इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं नुसतं बघत बसायला लावलं. जुन्या ट्रॅक्टरमध्ये लिव्हरला जागेवर धरणारी घर्षणाची चकती झिजते, स्प्रिंग सैल होते आणि इंजिनच्या थरथरीने लिव्हर स्वतःच खाली सरकायला लागते. ती सरकली की लिफ्ट हुकूम पाळल्यासारखी खाली येते आणि आपण आतलं सील शोधत बसतो. रेघेवरून लिव्हर हलली असेल तर तिच्या बुडाचा नट आवळायचा, चकती झिजली असेल तर बदलायची. बस, काम झालं. आमची हलली नाही. पण गावातल्या दोन ट्रॅक्टरांचं दुखणं मी नंतर एवढ्यावरच बरं केलंय, आणि दोन्हीकडून फुकट जेवलोय.

मग ट्रॉलीचा कॉक. ट्रॉली उलटवायला ज्या ट्रॅक्टरला बाहेर तेलाचं कनेक्शन काढलेलं असतं, त्याचा कॉक अर्धवट उघडा राहिला किंवा आतून झिजला, तर तेल तिकडून वाट काढतं. कॉक पूर्ण बंद करा, पाइप काढून तोंडाला टोपी लावा आणि परत बघा. पाइपांच्या जोडांवर, सिलिंडरच्या तोंडाशी, झाकणाच्या कडेला काळ्या मातीचा ओला चिखल साचलाय का, तेही बघा. कोरड्या उन्हाळ्यातसुद्धा जिथे माती ओली दिसते, तिथे तेल पाझरतंय.

इथे एक कळकळीची सूचना. पाइपाला बारीक भोक पडलंय असं वाटलं, तर बोट फिरवून बघू नका. या तेलाचा दाब १५० ते २०० बारच्या घरात असतो, सुईसारखी धार कातडीतून थेट आत जाते. वरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि आत हात सडायला लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. तो ओला झाला की जागा सापडली. आणि चुकून लागलंच, तर हळद दाबून घरी न बसता थेट दवाखाना.

तेलाचं आमच्याच तोंडाने आधी सांगितलंय. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिलाय तोच घालायचा. पातळ तेल झिजलेल्या फटीतून लवकर निसटतं, म्हणून ते भरल्यावर आमची लिफ्ट जास्त जोरात बसायला लागली. तेल तापल्यावर पातळ होतं, त्यामुळे सकाळी ठीक वाटणारी लिफ्ट दुपारच्या उन्हात, तीन तास रोटर (रोटाव्हेटर) चालवल्यावर बसू लागते. मोजायचं तर तापल्यावरच मोजा. डिपस्टिकवरचं तेल ताकासारखं पांढरट दिसलं, तर आत पाणी गेलंय. ऊस तुटल्यावर चिखलात रोटर चालवून मग पंपाच्या धारेखाली ट्रॅक्टर धुणाऱ्यांकडे हे हमखास. पाण्याने वॉल्व्हच्या गुळगुळीत दांडीवर गंज धरतो आणि मग ती दांडी पुन्हा कधी धड बसत नाही.

मोजमाप

"लई लवकर बसती" या शब्दांवर कुठलाच मिस्त्री काही करू शकत नाही. मोजायचं ते असं. नेहमीचं जड अवजार लावा, लिफ्ट पूर्ण वर घ्या, इंजिन बंद करा, लिव्हर वरच राहू द्या. खालच्या लिंकच्या टोकाच्या गोळ्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. मग दर पाच मिनिटांनी, अर्ध्या तासापर्यंत. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रात नव्या ट्रॅक्टरची चाचणी होते, तिथेही लिफ्टवर भार टांगून ती दर पाच मिनिटांनी किती मिलिमीटर उतरली, हे अर्ध्या तासापर्यंत लिहून ठेवतात. म्हणजे नव्याकोऱ्या ट्रॅक्टरचीही लिफ्ट तसूभर उतरते, हे त्यांनी धरलेलंच आहे. आपल्याला शून्य नकोय. काम करता येईल आणि जीव धोक्यात येणार नाही, एवढं हवंय.

माझं मत विचाराल तर, अर्ध्या तासात चार बोटं उतरणाऱ्या जुन्या लिफ्टच्या मागे लागू नये. दहा मिनिटांत जमिनीला टेकणारी उघडावीच लागते. मधली जी आहेत, त्यांचं तुमच्या कामावर ठरतं. नुसती ट्रॉली ओढत असाल तर काहीच अडत नाही.

चालू इंजिनवरच्या डुलक्याही मोजा. दोन हिसक्यांमध्ये किती सेकंद जातात? लिफ्ट थोडी उतरली की आतली दांडी वॉल्व्हला कळवते, वॉल्व्ह तेल सोडतो, लिफ्ट परत वर. म्हणून डुलकी जितकी जवळजवळ, गळती तितकी मोठी. पण इंजिन बंद केल्यावर लिफ्ट घट्ट धरते आणि चालू असतानाच डुलते, असं असेल तर गळतीचा नाद सोडा. ड्राफ्टची लिव्हर (अवजाराला बसणाऱ्या ओढीप्रमाणे लिफ्ट वर-खाली करणारी) आधी तपासा. ती कामात राहिली असेल तर टॉपलिंकवर, म्हणजे अवजाराच्या वरच्या जोडदांडीवर, बसणारा प्रत्येक धक्का वॉल्व्हपर्यंत पोचतो. तेही नसेल तर आतल्या दांड्यांच्या पिना झिजल्यात.

कुठून जातंय ते ओळखायचं कसं

बाहेरचं सगळं ठीक निघालं, तर सिलिंडरातलं तेल निसटायला वाटा चारच. पिस्टनच्या सीलवरून, सिलिंडरच्या डोक्यावरच्या सेफ्टी वॉल्व्हमधून, मुख्य वॉल्व्हच्या आतून, ज्याला आपल्याकडे डिस्ट्रिब्युटर म्हणतात, किंवा वॉल्व्ह आणि सिलिंडर जिथे जोडलेत तिथल्या ओरिंगमधून. चारही वाटा पेटीच्या आतच उघडतात, म्हणून बाहेर एक थेंब सांडत नाही आणि तेलाची पातळीही कमी होत नाही. याच गोष्टीने मी फसलो होतो. "गळती असती तर तेल कमी झालं असतं की," असं मी चाचांना ठणकावून सांगितलं होतं. ते हसले पण नाहीत.

काही ट्रॅक्टरांना सीटखाली लिफ्ट उतरण्याचा वेग कमी-जास्त करायची चावी असते. ती पूर्ण आवळल्यावर सिलिंडरची परतीची वाट बंद होत असेल, तर निम्मं काम तिथेच होतं. अवजार वर घ्या, चावी पूर्ण आवळा, इंजिन बंद. आता लिफ्ट धरून राहिली तर दोष वॉल्व्हकडे. तरीही बसली तर पिस्टनचं सील किंवा सिलिंडरवरचा सेफ्टी वॉल्व्ह. मात्र सगळ्या चाव्या अशा बंद होत नाहीत. काही नुसत्या वेग आवरतात. आपली कोणती, हे मॅन्युअल बघून ठरवा.

आमच्या ट्रॅक्टरला ती चावी नाही. पण मागच्या पेटीच्या कुशीला एक चौकोनी प्लेट आहे. चाचांनी तेल प्लेटच्या खाली येईल इतकं काढलं, पंजी हातभर वर घेतली, इंजिन बंद केलं, पंजीच्या चौकटीखाली दोन्ही बाजूंना लाकडी ओंडके सरकवले, टेकणार नाहीत पण पडली तर झेलतील असे. मग प्लेट काढून बॅटरी आत मारली. "हात नाही घालायचा. नुसतं डोळ्यानं." दोन मिनिटं काहीच दिसेना. मग सिलिंडरच्या उघड्या तोंडातून, पिस्टनच्या दांडीवरून ओघळत येणारी तेलाची चकचकीत रेघ दिसली. वॉल्व्हकडची बाजूही ओली होती, पण तिथून थेंब यायला वेळ लागत होता. चाचांनी मनातल्या मनात मोजलं आणि म्हणाले, "बारा आणे पिस्टन, चार आणे वॉल्व्ह." पुढे सगळं तसंच निघालं.

त्या ओंडक्यांबद्दल थोडं थांबून सांगतो. आपल्याकडे रोटरला गुंडाळलेलं तण, पाचट, ठिबकच्या नळ्या काढायला माणूस सरळ उचललेल्या रोटरखाली घुसतो. लिव्हर वर आहे, म्हणून निर्धास्त. बसणाऱ्या लिफ्टचं दुखणं सात मिनिटांत तरी कळतं, पण ओरिंग फाटायच्या बेतात असलेली लिफ्ट महिनाभर धड चालून एका क्षणात सोडते. आमच्या घरात आता रोटरबरोबर दोन ओंडके ट्रॅक्टरवरच बांधलेले असतात. येळवशीला (वेळ अमावस्येला) रानात जेवायला आलेले पाहुणे त्यावर बसतात.

झाकण उतरवल्यावर

हे काम घरी करायचं तर चेन कप्पी, भक्कम आढं आणि एक समजूतदार माणूस लागतो. सीट, टॉपलिंकचा ब्रॅकेट, लिव्हरच्या दांड्या, दोन्ही बाजूंच्या उभ्या दांड्या, मग कडेचे बोल्ट. अवजार आधी जमिनीवर ठेवून लिफ्ट पूर्ण खाली घ्यायची, म्हणजे सिलिंडरात दाब राहत नाही. प्रत्येक दांडीचे फोटो काढा. चाचांना फोटोंची गरज नव्हती, पण मी काढले आणि जोडताना त्यांनीच दोनदा मागितले. झाकण सरळ वर उचलायचं. तिरकं झालं तर आतली दांडी वाकते.

पिस्टन बाहेर आल्यावर सगळा उलगडा झाला. पिस्टनच्या खोबणीत काळा रबरी ओरिंग आणि त्याच्याशेजारी पांढरी, चपटी टेफ्लॉनची आधार-रिंग असते. दाबाने ओरिंग फटीत घुसून कातरला जाऊ नये, म्हणून ती रिंग त्याच्या पाठीशी लागते. म्हणजे तेलाच्या बाजूला, पिस्टनच्या बंद डोक्याकडे ओरिंग आणि दांडीकडे आधार-रिंग. आमच्यात उलटं बसवलेलं होतं. कधीकाळी कुणीतरी ही लिफ्ट उघडली होती आणि रिंगा अदलाबदल करून घातल्या होत्या. ओरिंगची एक कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती. चाचांनी तो दोन बोटांत धरून ताणला, तेव्हा त्याचे दोन तुकडे झाले.

नवा ओरिंग घेताना "असाच द्या" म्हणून डोळ्यांनी जुळवू नका. जुना ताणलेला, फुगलेला असतो, त्याचं माप खोटं. पार्ट नंबरने घ्या. नंबर मिळत नसेल तर पिस्टनची खोबण मोजून घ्या. लातूरच्या दुकानात पहिल्यांदा मिळालेला ओरिंग दिसायला जुळा भाऊ होता, पण जाडीला किंचित बारीक. तो घातला असता तर लिफ्ट पहिल्या दिवशीच बसली असती आणि मी पुन्हा पंपाला शिव्या दिल्या असत्या.

सिलिंडरच्या आतून अंगठ्याचं नख फिरवा. नख जिथे अडकेल ती रेघ सील खाणार. बारीक रेघ असेल तर होनिंग (आतून घासून गुळगुळीत) करून चालतं; खोल असेल तर स्लीव्ह (आतली नळी) किंवा सिलिंडर बदलणं, दुसरा इलाज नाही. आमच्यात एक लांबट रेघ होती, नख घसरून जायचं. होनिंगवर भागलं. नंतर सगळं डिझेलने धुऊन हवा मारून वाळवायचं. चिंधीने पुसलं तर धागे राहतात आणि एक धागा वॉल्व्हच्या सीटवर (तो टेकतो त्या जागेवर) बसला की केलेलं सगळं वाया. म्हणूनच झाकणाच्या कडेला सिलिकॉनचा थर लिंपू नका. जादा सिलिकॉन आत सुटून तेलाच्या जाळीत अडकतं, मग लिफ्ट उचलायचीच बंद होते. चांगलं पॅकिंग आणि स्वच्छ कडा पुरते.

बसवताना टेफ्लॉनची रिंग गरम पाण्यात धरली की नरम होऊन खोबणीत सहज जाते. ओरिंगला पीळ पडू द्यायचा नाही. त्याच्या अंगावरची बारीक शिवण सरळ गेली पाहिजे. सगळ्याला तेच तेल चोळायचं जे पेटीत भरणार आहोत. पिस्टन हाताच्या दाबाने आणि लाकडाच्या ठोकळ्याने आत गेला पाहिजे. हातोडा लागत असेल तर थांबा, ओरिंग कडेवर कापला जातोय.

झाकण उघडलंच आहे, तर सेफ्टी वॉल्व्हही तपासून घ्या. नांगर टांगून खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्याने ट्रॅक्टर पळवला की प्रत्येक आदळ्याला सिलिंडरात दाबाचा फटका बसतो आणि तो झेलायचं काम याचं. स्प्रिंग दमते, सीटवर कचरा बसतो. आमचा नुसता धुतल्यावर ठीक निघाला. जोडांवरचे सगळे ओरिंग मात्र बदलले. ते चांगले दिसत होते, तरीही. पुन्हा झाकण उतरवायची मजुरी त्यांच्या किमतीच्या कितीतरी पट.

वॉल्व्हचे चार आणे

डिस्ट्रिब्युटरच्या बाबतीत मी घरगुती उद्योगाच्या विरोधात आहे. त्यातली दांडी आणि तिचं घर एकमेकांना जुळवून घासलेले असतात, दोघांत केसापेक्षाही कमी फट असते आणि ती फट हेच त्याचं सील. तिथे रबर नसतं. पॉलिश पेपर मारला तर गंज जातो, फट वाढते. झिजलेली दांडी एकटी बदलूनही उपयोग नाही, जोडी बदलावी लागते. धुणं, ओरिंग बदलणं आणि तेलाला अडवणाऱ्या गोळीची सीट बघणं, इतकंच आपल्या हातात. सीटवर बारीक, अखंड, गोल रेघ दिसली पाहिजे. ती कुठे तुटलेली किंवा रुंद झाली असेल तर तिथून तेल जातं. जुने मिस्त्री गोळीवर पितळी दांडी ठेवून एक हलका ठोका देतात, सीट बसते, मग गोळी नवी टाकतात. चाचांनीही दिला. मी तो तुम्हाला सुचवणार नाही. त्या ठोक्याचं वजन त्यांच्या मनगटात चाळीस वर्षांनी आलंय.

सगळं जोडून, योग्य ग्रेडचं तेल भरून, रिकामी लिफ्ट आठ-दहा वेळा वर-खाली केली, म्हणजे आतली हवा निघते. मग पंजी लावून, अर्धा तास रान मोगडून तेल तापवलं आणि टेप लावला. पहिल्या पाच मिनिटांत आकडा जेमतेम हलला. अर्ध्या तासात दोन बोटं. अण्णांनी शेजारून विचारलं, "आता किती दिवस?" चाचा म्हणाले, "रातच्याला अवजार खाली ठेवलं तर लई दिवस." तेव्हापासून ट्रॅक्टर उभा करताना अवजार जमिनीला टेकवूनच ठेवतो. सिलिंडर उगाच रात्रभर दाबात राहत नाही आणि अंधारात खाली खेळणाऱ्या पोरांची, कुत्र्यांची काळजी नाही. लांबच्या रस्त्याला निघताना टॉपलिंक आखूड करून अवजार साखळीला टांगतो, म्हणजे आदळ्यांचा भार तेलावर येत नाही.

या गोष्टीला तीन हंगाम झाले. दर रोहिणीत, पेरणीच्या आधी, एकदा टेप लावून आकडे गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहितो. पहिल्या साली अर्ध्या तासात दोन बोटं होती, पुढच्या साली अडीच, यंदा चार भरली. पिस्टनची बाजू प्लेट उघडून बघितली, कोरडी आहे. ओल वॉल्व्हकडे आहे, तेच चार आणे. वॉल्व्हच्या नव्या जोडीची किंमत विचारून आलोय. सोयाबीन निघाल्यावर बघू, तोवर ओंडके आहेतच.